नाव पाहावे की नग?

घरातील मुलीस स्थळ पाहावयाचे झाले म्हणजे वडीलधारी माणसे प्रथम घराण्याची चौकशी करतात. घराणे नावाजलेले निघाले तर मनास समाधान वाटते. परंतु तेवढ्यावर कोणी सुपारी फोडीत नाही. मुलगा स्वतः कसा आहे, त्याची प्रकृती, विद्या व स्वभाव कसा आहे, हे पाहिल्यावाचून शहाणा बाप होकार देत नाही. एकाच घराण्यात एक भाऊ कर्तबगार व दुसरा उनाड निपजतो, हा अनुभव कोणास नाही? असे असता, ज्या एका वस्तूच्या खरेदीत हा शहाणपणा सर्वांत अधिक लागतो, तिच्या बाबतीत सुशिक्षित मंडळीही केवळ घराण्याच्या नावावर भुलतात, असे आमच्या नजरेस आले. ती वस्तू म्हणजे पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर.

हा विषय पाहून काही वाचकांच्या, विशेषतः आमच्या भगिनींच्या, कपाळास आठ्या पडतील. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात असल्या हिंस्र वस्तूची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, ती वस्तू ज्या घरात येते ते घरही कुटुंबाचेच असते. तिच्याविषयी अज्ञान बाळगल्याने ती कमी हिंस्र होत नाही.

आम्हांस हा विषय सुचण्याचे निमित्त असे घडले. नागपुरास धरमपेठेत आमचे एक वकील स्नेही राहतात. एकत्र कुटुंब, लहानथोर मिळून बारा माणसे. काटोलकडे त्यांचा संत्र्यांचा बगीचा आहे, व बहराच्या दिवसांत रोख रक्कम घेऊन रात्रीअपरात्री परतण्याचा प्रसंग येतो. त्यांनी रीतसर अर्ज केला, चौकशी झाली व परवाना मिळाला. मग एका परवानाधारक विक्रेत्याकडे विक्रीस ठेवलेले एक जुने विलायती रिव्हॉल्व्हर त्यांच्या मनात भरले. ते पाहण्यास त्यांनी आम्हांस व आपल्या व्याह्यांस बरोबर नेले. हे व्याही एका आयुध कारखान्यात तपासनीस होते. जन्मभर मापे लावून नग पास अथवा नापास करणे हाच त्यांचा व्यवसाय.

दुकानात शिरताच वकीलसाहेब म्हणाले, "हे नाव वाचा. असा माल आता मिळायचा नाही."

व्याह्यांनी चष्मा पुसला व शांतपणे म्हटले, "नाव वाचले, वकीलसाहेब. आता नग पाहू."

या एका वाक्यात आमच्या आजच्या लेखाचे सार आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. कारखान्याच्या नावास काहीच किंमत नाही, असे आमचे म्हणणे नाही. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने इ. स. १८८७ साली स्वीकारले व पुढे अनेक वर्षे वापरले. ही कीर्ती फुकट मिळालेली नव्हती. अमेरिकेत मार्च १९११ मध्ये सैन्यासाठी पिस्तूल निवडताना कोल्ट व सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांची परीक्षा झाली. प्रत्येकातून ६,००० फैरी झाडल्या. दर शंभर फैरींनंतर पिस्तूल थंड होऊ द्यावे व दर हजार फैरींनंतर पुसून तेल द्यावे, असा क्रम होता. सॅव्हेजचे पिस्तूल ३७ वेळा अडले. कोल्टचे एकदाही अडले नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने इ. स. १९८० नंतर नवे पिस्तूल मागविले, तेव्हा पहिल्या १०,००० फैरींत २० हून अधिक वेळा अडता कामा नये अशी अट घातली. त्या परीक्षेतून ग्लॉक हे तेव्हा अपरिचित असलेले नाव पुढे आले. भरवसा म्हणजे काय, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. किती फैरींत किती वेळा अडले, या दोन आकड्यांचे ते प्रमाण आहे. "आमचे पिस्तूल कधी अडले नाही" या वाक्यात दुसरा आकडा आहे, पण पहिला नाही.

पहिल्या आकड्याचे महत्त्व गणिताने सहज कळते. पन्नास फैरी झाडल्या व एकही अडली नाही, तर त्यावरून खात्रीने एवढेच म्हणता येते की, दोषाचे प्रमाण बहुधा शेकडा सहापेक्षा अधिक नसावे. ते शेकडा एकपेक्षा कमी आहे असे त्याच खात्रीने म्हणावयाचे तर सुमारे तीनशे फैरी निर्दोष जाव्या लागतात. आता आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, काडतुसे महाग असतात, आणि ती झाडून पाहावयाची तर मान्यताप्राप्त चांदमारीच्या जागीच. अर्थात सामान्य गृहस्थास तीनशे फैरींची परीक्षा स्वप्नवतच होय. म्हणूनच तो नावाचा आधार शोधतो. यात त्याचा दोष नाही. पण नाव त्यास कोठवर नेऊ शकते हे मात्र त्याने ओळखले पाहिजे.

पहिल्या महायुद्धातील एक गोष्ट येथे बोधप्रद आहे. फ्रेंच सैन्यास पिस्तुले अपुरी पडू लागली, तेव्हा इ. स. १९१५ पासून स्पेनमधील एबार व आसपासच्या गावांतून 'रूबी' नावाची ७.६५ मिलिमीटरची पिस्तुले मागविण्यात आली. मागणी एवढी वाढली की मूळ कारखान्याखेरीज डझनावारी लहानमोठ्या कारखान्यांनी तोच नमुना घडविण्यास प्रारंभ केला. वरून सारी पिस्तुले सारखी. आत मात्र एकाचे मॅगझीन दुसऱ्यात नीट बसत नसे. कोठे पोलाद चांगले, कोठे हलके. नाव एक, नमुना एक, परंतु नग मात्र शेकडो स्वभावांचे. याच गावांतून त्या काळी प्रसिद्ध विलायती व अमेरिकन शस्त्रांच्या हुबेहूब नकला निघत व त्यांवर मूळ नावाशी मिळतीजुळती अक्षरे कोरलेली असत. अशा जुन्या नकला आजही कधीमधी समोर येतात.

नाव तेच राहूनही घर बदलते, हेही ध्यानात ठेवावे. वेब्लीचे नाव घेऊन अलीकडच्या वर्षांत उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे शस्त्रे तयार होऊ लागली आहेत. ती चांगली असोत वा नसोत, बर्मिंगहॅमच्या जुन्या कारागिरांच्या कीर्तीवर त्यांचा न्याय करता येणार नाही. तसेच मोठे नाव चुकतच नाही असेही नाही. इ. स. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सैन्याने सिग सावर कंपनीच्या एका पिस्तुलाची निवड केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याचा बाजारात विकला जाणारा नमुना विशिष्ट कोनात पडल्यास आपोआप उडू शकतो असे दिसून आले, व कंपनीस दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली.

आपल्या देशापुरते पाहिले तर सामान्य परवानाधारकास निवड फार नाही. ९ मिलिमीटर व .३८ ही मापे कायद्याने निषिद्ध वर्गात मोडतात, म्हणून.३२ हेच माप बहुधा घरात येते. परदेशी शस्त्रांची खासगी आयात कित्येक दशके बंद असल्याने जुन्या विलायती मालास अवाच्या सवा भाव येतो. आणि हा भाव दुर्मिळतेचा असतो, निर्दोषपणाचा नव्हे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ चे सहा बारी रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीप्रमाणेच मधोमध मोडून उघडते. इ. स. २०१४ मध्ये टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' आले. ते स्त्रियांस सोयीचे म्हणून पुढे आणले गेले. इ. स. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध कारखान्यांची पुनर्रचना होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी एकीचे मुख्यालय आपल्या नागपुरातच अंबाझरीस आहे, आणि शस्त्रे घडविणाऱ्या कंपनीचे कानपुरास. या कानपूरच्या कंपनीने इ. स. २०२३ मध्ये 'प्रबल' हे बाजूस उघडणाऱ्या चक्राचे रिव्हॉल्व्हर काढले.

आता नगाकडे वळू. व्याह्यांनी त्या दिवशी जी परीक्षा केली ती जशीच्या तशी सांगतो, म्हणजे वाचकांस क्रम ध्यानात राहील.

त्यांनी शस्त्र हाती घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून उघडून मागितले. सहाही घरे रिकामी असल्याचे स्वतः पाहिले, बोट फिरवून चाचपले, व वकीलसाहेबांसही पाहावयास लावले. "रिकामे आहे" हे दुसऱ्याचे वाक्य या विद्येत ग्राह्य नाही. नळीचे तोंड शेवटपर्यंत कोणाही माणसाकडे न वळविता ते निर्जन भिंतीकडे होते, आणि बोट चापाच्या बाहेर.

मग नळी. उजेडाकडे धरून, मागच्या बाजूने त्यांनी आतील आटे पाहिले. आट्यांच्या कडा तीक्ष्ण असाव्यात. गंजाचे खड्डे असतील तर ते तेलाने जात नाहीत. आत कोठे काळसर कडे दिसले तर तेथे नळी फुगलेली असण्याचा संभव असतो. कधीतरी गोळी आत अडकली असता दुसरी झाडल्याची ती खूण होय. असे शस्त्र कितीही नावाजलेले असले तरी परत ठेवावे.

मग चक्र. घोडा अगदी सावकाश मागे ओढावयाचा आणि घोडा पूर्ण चढण्यापूर्वी चक्र आपल्या जागी खटकन बसते की नाही हे पाहावयाचे. ही परीक्षा एका घराची न करता सहाही घरांची करावी, कारण एखादाच दाता झिजलेला असू शकतो. चक्र जागी न बसता घोडा पडला तर गोळी नळीच्या तोंडास तिरपी लागते व शिशाचे कण बाजूस उडतात. पुढे घोडा उतरवून चाप दाबून धरावा व चक्र बोटांनी हलवून पाहावे. किंचित हालचाल क्षम्य, खुळखुळा नव्हे. चक्र व नळी यांमधील फट केसभर असावी, मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकी. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरात बिजागरी व वरचा अडकण हे नाजूक स्थान असते. ते बंद करून नळी व मूठ उलटसुलट दिशेने हलवून पाहावी. तेथे सैलपणा आला असेल तर पुढे तो वाढतच जातो.

शेवटची परीक्षा घोड्याची. घोडा चढवून ठेवला व चापास स्पर्श न करता मागून अंगठ्याने मध्यम जोर दिला, तर तो पडता कामा नये. व्याह्यांनी जोर दिला, आणि तो घोडा पडला. पुन्हा चढविला, पुन्हा पडला. दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही. बाहेरून लखलखीत, नाव इतिहासप्रसिद्ध. आतील खाच मात्र झिजलेली, किंवा चाप हलका व्हावा म्हणून कोणी कानसलेली. भरलेले असते व हातातून निसटते, तर त्याने आपल्याच धन्यास विचारले नसते.

पिस्तुलाची तऱ्हा थोडी निराळी. त्यात मॅगझीनच्या तोंडाच्या कडा वाकलेल्या असल्या तर अडचणीस तेथूनच आरंभ होतो. म्हणून किती मॅगझिने मिळतात व ती मूळचीच आहेत काय हे विचारावे. रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा शाबूत असावा, स्लाइड मागे नेऊन सोडली असता पूर्ण पुढे यावी, आणि खटका बंद असता चाप दाबूनही घोडा अथवा पिन सुटता कामा नये. परीक्षेस खरी काडतुसे कधीही वापरू नयेत. पोकळ नकली काडतुसे मिळतात, ती घ्यावी. शिवाय, रिव्हॉल्व्हरचे .३२ व पिस्तुलाचे .३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. पहिल्याची पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची १७. आकडा सारखा म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरणे धोक्याचे होय.

नगावरील कोरीव खुणाही वाचाव्यात. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह इ. स. १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. तेथील छापाचा अर्थ एवढाच की, नित्यापेक्षा जड बार त्या नळीने एकदा सोसला. पुढे शंभर वर्षे तिचे काय झाले हे तो छाप सांगत नाही. परंतु क्रमांक मात्र अक्षरशः जुळला पाहिजे. इ. स. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ८ घडविणाऱ्याचे नाव, क्रमांक अथवा खूण नसलेल्या शस्त्राच्या विक्रीस मज्जाव करते, व असा क्रमांक घासणे हा गुन्हा ठरविते. क्रमांक खरडलेला अथवा पुन्हा कोरल्यासारखा दिसला की घासाघीस न करता उठावे. खासगी गृहस्थाकडून घ्यावयाचे असल्यास त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यास अथवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. इ. स. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात. नागपूर शहरात परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे असते, हे वाचकांस ठाऊकच आहे.

येथील हवेचाही विचार हवा. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेल आटते व धूळ चिकटते. मग पावसाळा येतो. कातडी म्यानात ठेवलेले शस्त्र या दिवसांत हमखास गंजते, कारण कातडे ओल शोषून धरते. म्हणून म्यान केवळ नेण्याआणण्यास. ठेवणीत शस्त्र कोरडे, पुसलेले व तेलाचा पातळ हात दिलेले असावे.

ते रिव्हॉल्व्हर अर्थातच घेतले नाही. घरी परतलो तेव्हा वकीलसाहेब थोडे खट्टू होते. दुसरे एखादे निर्दोष मिळेल, असे व्याही त्यांस समजावीत होते. वकीलसाहेबांच्या मातोश्री माजघराच्या दाराशी बसून सारे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे बाळ, ते बिघडलेले होते म्हणून तुम्ही भ्यालात. जे कधीच बिघडत नाही ते कोणाच्या हाती लागेल, हे पाहिलेत का?"

आम्ही निरुत्तर झालो. एवढा वेळ आम्ही भरवशाची चर्चा केली, पण त्या शब्दाची दुसरी बाजू त्या वृद्ध बाईंनी दाखविली. जे शस्त्र चोराच्या समोर अडत नाही ते कुतूहलाने कपाट उघडणाऱ्या नातवाच्या हातीही अडणार नाही, आणि परीक्षेत नापास होऊन रात्रभर जागणाऱ्या मुलाच्या हातीही अडणार नाही. हे निव्वळ आजीबाईंचे भय नव्हे. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाख प्रौढांची इ. स. २००४ ते २०१६ पर्यंतची माहिती तपासून इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, हातबंदूक बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या सुमारे आठपट होते, आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट. मनाची वाईट घटका बहुधा निघून जाते. हाताशी न चुकणारे साधन असले तर ती निघून जाण्यास वेळ मिळत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, तिसरी परीक्षा घराची करावी. कुलूपबंद पोलादी पेटी भिंतीत पक्की बसविली आहे काय? तिची किल्ली परवानाधारकाखेरीज कोणास ठाऊक आहे काय? काडतुसे निराळ्या कुलुपात आहेत काय? घरात कोणी व्यसनाधीन, अतिकोपिष्ट अथवा खिन्न मनःस्थितीत आहे काय? इ. स. २०१६ च्या शस्त्र नियमांत हाताळणीचे शिक्षण व सुरक्षित साठवण यांच्या अटी घातल्या आहेत, त्या कागदापुरत्या समजू नयेत. आणि या प्रश्नांची उत्तरे एकट्या कर्त्या पुरुषाने न देता घरातील बायामाणसांस विचारून द्यावीत. कारण कोणता मुलगा अलीकडे जेवत नाही, कोणती सून रात्री रडते, हे कर्त्यापेक्षा त्यांस अधिक कळते.

वकीलसाहेबांनी त्या रात्री मातोश्रींस काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बगीच्याच्या व्यापाऱ्यास निरोप धाडला की, यापुढे रक्कम परस्पर बँकेत भरावी. परवान्याची मुदत अद्याप आहे. रिव्हॉल्व्हर घ्यावयाचे की नाही, हे दिवाळीस सारे भाऊ जमतील तेव्हा ठरावयाचे आहे. घ्यावयाचे ठरलेच तर व्याही पुन्हा बरोबर जाणार आहेत. पण पेटी कोणत्या भिंतीत बसवावयाची हे प्रथम मातोश्रींनी दाखवावयाचे, असे मात्र आताच ठरले आहे.